तेलाची शिनाख्त

भोगीच्या सकाळी मथुरेच्या हातातून थापलेली बाजरीची भाकरी सटकली आणि तव्यावर पडायची ती चुलीच्या राखेत पडली. भाकरीचं मला काही नाही, अशा कितीक पडतात. पण मथुरा दुसरा गोळा घ्यायला वाकली नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत उभी राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. मथुरा ती बोटं सरळ करायला बघत होती आणि ती होत नव्हती. गालावरचे, दंडावरचे चट्टे लालभडक होऊन फुगले होते. मी गालाला हात लावला तर चटका बसला.

आणि ही बाई हसत होती.

“शिनाख पटली, माय,” ती म्हणाली. “येळवशीच्या आवसंच्या आधीपास्नं सुजायलंय. दुखतंय बी लय. पर मी कुनाला बोलले न्हाई. म्हनलं पुरतं सुजू द्यावं, मग सायबाला दाखवावं.”

पिठाचे हात तसेच घेऊन ती ओसरीकडे पळाली. मी तिच्यामागे. डॉक्टर सतरंजीवर बसून चहा पीत होते. तिनं हात त्यांच्यापुढं धरला, जत्रेतून काही आणलेलं दाखवावं तसा.

“सायब, बघा! तुमी म्हनले तसंच झालं.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि तिच्या कोपराच्या मागं बोट दाबलं. मथुरा किंचाळली आणि मग लाजून हसली.

“मूठ उघड.”

“उघडीना, सायब. सूज हाय न्हवं?”

“सूज आली की चांगलं, असं कुणी सांगितलं तुला?”

“कुनी म्हंजी? तुमीच की.”

मथुरेचा हात डॉक्टरांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारत होती, की मी काय चुकीचं बोलले?

पूर्णा गावाच्या बाहेर, रेल्वेचे रूळ ओलांडले की आमचं केंद्र होतं. महारोग्यांचं. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक बायांची, एक बाप्यांची, मधे ओसरी आणि कडेला माझी चूल. मी तिथं स्वयंपाक करायची. आधी रोगी म्हणूनच आले होते, वालूरहून. रोग गेला, तळपाय बधिर झाले ते झालेच. घरून न्यायला कोणी आलं नाही. डॉक्टर म्हणाले, “भाकऱ्या येतात ना? मग राहा.” मी राहिले. यात रडण्यासारखं काही नव्हतं. वालूरला तरी मी दुसरं काय करत होते?

मथुरा मेंढरंवाल्यांची, गंगाखेडच्या बाजूची. तिचा नवरा खंडू तिला दिवाळीनंतर आणून सोडून गेला होता. जाताना म्हणाला, पुढच्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ह्या बाजूला उतरीन तवा नेतो. त्याच्या आईनं एकच अट घातली होती. हात धड असले तर आणा. चट्टे असले तर लुगड्याखाली झाकता येतात. वाकड्या हाताची सून पालावर दिसली की लोक खतासाठी शेतात मेंढरं बसवू देणार नाहीत, आणि मेंढरं बसली नाहीत, त्याचं धान्य मिळालं नाही, तर खायचं काय? म्हातारीचं बोलणं दगडासारखं होतं, पण खोटं नव्हतं. मथुरेची लहान पोरगी त्या म्हातारीजवळ होती. म्हणजे मथुरेचं जे काही होतं ते सगळं तिच्या दोन हातांवर होतं. ती उठल्यासुटल्या माझ्या चुलीशी येऊन भाकऱ्या थापायची ती मला मदत म्हणून नव्हे. हात चालतो का, हे बघायला.

आता डॉक्टरांबद्दल सांगते. नाव लिहीत नाही.

मी पहिल्यांदा केंद्रात आले तेव्हा भावानं मला ओसरीवर बसवलं आणि तो झाडाखाली जाऊन उभा राहिला. आतून एक उंच, पाठीत वाकलेला माणूस आला. भर उन्हाळ्यात अंगात गळाबंद कोट. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्यामागं येऊन वाकला आणि माझं डोकं हुंगलं.

मी ओरडले, “मेल्या, कुत्रं हायस का काय?”

“करडईचं तेल,” तो म्हणाला. “पण घाण्याचं नाही. आणि त्याच्याखाली खोबरेल आहे, जुनं. लग्नातलं?”

लग्नातलं नव्हतं, भावाच्या पोरीच्या बारशातलं होतं. पण खोबरेल होतं हे खरं. तरी मी त्याला शिव्याच दिल्या. तो खुश होऊन म्हणाला, “वालूरचं तोंड तिखट आहे.” तेव्हापासून मी वालूरकरीण.

येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं हे डॉक्टर हुंगायचे. बाप्यांचं, बायांचं, एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबाचंसुद्धा. साहेब मागं सरकला तर म्हणाले, “वासाचं तेल लावता. शहरातलं. तुमची शिनाख्त झाली.” साहेबाला काय वाटलं देव जाणे. त्यानंतर आमचं पत्र्याचं काम बरेच दिवस लांबलं एवढं मला माहीत.

हा शिनाख्त शब्द त्यांचाच. ते निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले. मराठी बोलता बोलता मधेच दख्खनीत जायचे. शिनाख्त म्हणजे ओळख पटणं, पोलीस चोराची पटवतात तशी. आमच्या बायांनी त्याचं शिनाख करून टाकलं.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात एक आंधळा जागल्या होता, म्हणे. आंधळ्याला राखणीला ठेवलं म्हणून बाहेरगावचे हसायचे. पण रस्त्यानं कोणी गेलं की तो बसल्या जागेवरून नाव घ्यायचा. माणसाच्या डोक्याच्या तेलावरून. चोरानं कपडे बदलले, तोंड बांधलं, आवाज बदलला, तरी तेल राहतंच. हे डॉक्टर इतक्या वेळा सांगायचे, की त्यांनी “हमारे गांव में” म्हटलं की बाया पुढचं सगळं एका सुरात म्हणायच्या.

“हसा,” ते म्हणायचे. “पण तुमच्या अंगात असेच जागले आहेत. लाखो आहेत. रोगाचा जंतू आत शिरला की त्यांनी त्याला धरायचा. पण धरायच्या आधी ओळखायला नको का? हा जंतू साधा नाही. ह्याच्या अंगावर मेणाचा अंगरखा आहे.”

मग कोटाच्या खिशातून मेणाचा गोळा काढायचे. खरा, मधमाश्यांचा. त्याला खिशातली सगळी कुसळं आणि तंबाखू चिकटलेली असायची. तो सगळ्यांच्या हातात द्यायचे. त्यावर पाणी ओतायचे. पाणी ओघळून जायचं. “बघा, हे असं. औषध ओघळतं, जागल्याचा हातही सटकतो.”

त्यांच्याकडे काच लावलेलं, बारीक ते मोठं दाखवणारं जुनं यंत्र होतं. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतलं पाणी काचेवर घ्यायचे, लाल रंग टाकून खालून तापवायचे. मग त्यावर तेजाब, म्हणजे ॲसिड, टाकायचे. बाकी सगळ्याचा रंग धुऊन जायचा. ह्या जंतूचा नाही जायचा, कारण रंग मेणात मुरलेला. मला डोळा लावायला लावून म्हणाले, “काय दिसतं?” मला लाल काड्या दिसल्या, बारीक, विडीच्या बंडलासारख्या एकाला एक चिकटलेल्या. त्या माझ्याच कानातल्या होत्या. मी म्हटलं, “लुगड्याचा रंग असा टिकला असता तर बरं झालं असतं.” ते हसले आणि हसता हसता खोकत बसले.

खोकला त्यांना कायमच होता. त्याचं पुढं सांगते.

ताटाचं आधी सांगायला पाहिजे, कारण त्यानं मला फार छळलं. डॉक्टर जेवायला बसले की त्यांना दोन ताटं लागायची. एकात भाकरी, वरण, ठेचा. दुसऱ्यात फक्त तेल. चमचाभर. एवढ्याशा तेलाला वाटी चालायची नाही, ताटच पाहिजे. पाण्याची बोंब असलेल्या केंद्रात मी ते तेलकट ताट रोज राखेनं घासायची.

एकदा मी ताट आपटलं. म्हणाले, “बैठ, वालूरकरीण. सांगतो. जंतू अंगात शिरला की अंग त्याचे तुकडे करतं आणि एकेक तुकडा ताटात घालून जागल्यापुढं धरतं. बघ बाबा, ओळखतोस का? हे सगळ्या जगाला कळलंय. पण सगळं जग मांसाच्या ताटाबद्दल बोलतं. मांसाचा तुकडा, मांसाचं ताट, मांस ओळखणारा जागल्या. मी म्हणतो तेलाचं ताट वेगळं असलं पाहिजे. तेलाचे तुकडे दाखवणारं. ते ओळखणारे जागलेही वेगळे असले पाहिजेत. मांस काय, चोर बदलतो. तेल कसं बदलेल? ते तर त्याचं घर आहे.”

“मग हाय का ते ताट?”

“सापडलं नाही अजून.”

“न सापडलेलं ताट मी रोज घासायची व्हय?”

“हौ,” म्हणाले.

बाया त्यांना अर्धवट म्हणायच्या, पण त्यांच्याकडे बघून जीव धरायच्या. तेव्हा आमच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही आणि हा माणूस आमची डोकी हुंगायचा. तो चांगला होता असं मी म्हणत नाही. माणसापेक्षा त्याला माणसाच्या आत काय चाललंय यात जास्त रस होता. कोणाला ताप भरला तर आधी “वा!” म्हणायचा आणि मग गोळी शोधायचा. एक बाई मेली तेव्हा तिच्या नवऱ्याला “हिच्या जागल्यांनी फार उशीर केला” असं सांगत बसला. नवऱ्यानं पायातली वहाण काढली होती.

त्यांच्या खोलीत एका बाईचा फोटो होता. झाडताना मी विचारलं, “बहीण का?”

“बायको,” ते म्हणाले. “क्षयानं गेली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मला झाला तो आधी. माझ्यापासून तिला. हा जंतूही त्याच खानदानातला, मेणाच्या अंगरख्याचा. आम्ही एका ताटात जेवायचो. माझ्या अंगानं शिनाख्त केली, छातीत भिंत बांधून त्याला कोंडून टाकलं. तिच्या अंगानं नाही केली.”

“का?”

“तेच तर,” ते म्हणाले आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मथुरा आल्यावर तर त्यांना नवा श्रोता मिळाला. आंधळ्या जागल्याची गोष्ट ऐकून ती म्हणाली, “त्यात काय, सायब. मेंढी बी तसंच करती.” मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं कोकरू पाजायचं असलं, तर मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याला पांघरवतात. मेंढी हुंगते. लोकरीच्या तेलकट वासानं तिला वाटतं आपलंच, आणि पाजते.

डॉक्टर उठून उभेच राहिले. “मग? किती दिवस फसते?”

“धा-बारा दिस. मग कातडं कुजतं, काडून टाकतो. तवर तिचं दूध त्याच्या अंगात गेलेलं आसतं, मग त्येचाच वास तिचा हुतो.”

“आणि फसली नाही तर?”

“मग लाथा घालती की. कोकरू मरस्तवर.”

हे ऐकून ते दिवसभर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. “लाथा घालती,” एकटेच म्हणत होते. तेव्हा कोणालाच कळलं नाही की मथुरेनं आपल्यापुढं काय येणार ते सांगून टाकलंय. परकं ओळखू आलं की अंगही लाथाच घालतं, हे त्यांना कळायला पाहिजे होतं. ते डॉक्टर होते.

ते एक सुई टोचायचे, दंडाच्या आतल्या बाजूला. मेलेल्या जंतूचा अर्क. काही आठवड्यांनी तिथं गाठ आली तर अंगाला ओळख पटते. नाही आली तर नाही. आमच्या बायांचं उलटंच. गाठ आली की रडायच्या, हळद-चुना लावून बसवायच्या. नाही आली त्या मिरवायच्या, आपल्याला काही झालं नाही म्हणून. डॉक्टर संतापायचे. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

“ऐका. सूज म्हणजे वैरी नाही. सूज म्हणजे तुमचे जागले जागे झाले. जिथं सूज तिथं शिनाख्त. हळद नको, चुना नको. सुजू द्या!”

मथुरेच्या दंडावर गाठ आली नव्हती. तिनं विचारलं, “माजी कवा पटंल सायब?”

“पटेल. औषधानं जंतू मरतील, त्यांचे अंगरखे फाटतील, मग जागले जागे होतील. मग बघ, अशी सूज येईल!” त्यांनी दोन्ही हात फुगवून दाखवले. बाया हसल्या.

शेवटी ते असंही म्हणाले, की नस दुखली किंवा बोट वळलं तर मात्र त्याच दिवशी सांगायचं, कारण जंतू नसांत लपलेला असतो आणि जागले चोराला मारताना घरही पाडतात. पण हे ते शेवटी म्हणाले, डोळ्यांवरचा चष्मा पुसत, हळू. तोवर बाया जेवायला उठल्या होत्या. सुजू द्या, एवढं सगळ्यांनी ऐकलं.

मथुरा रोज सकाळी आपला दंड बघायची, आरशात गाल बघायची. देवाला नवस बोलली होती सूज यावी म्हणून. ती आली.

भोगीच्या त्या सकाळी डॉक्टरांनी तिचा हात सोडला तो सरळ औषधाच्या कपाटाशी गेले. सूज उतरवायच्या गोळ्या असतात, त्या लगेच दिल्या तर नस वाचते. डबीत होत्या त्या एका बाप्याला महिनाभर चालू होत्या आणि संपल्या होत्या. परभणीहून यायच्या होत्या. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. दुसऱ्या दिवशी घोषणा होणार असं सगळे म्हणत होते. एस.टी. बंद, बाजार बंद. रुळाच्या अलीकडच्या वस्तीत निळे झेंडे आणि गुलाल, आणि पलीकडच्या गल्लीत दिवसा कड्या लावलेली दारं. आमच्या खोलीतही दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. एकाच रोगानं आलेल्या दोघी.

मी म्हटलं, “उद्या-परवा उघडेल दुकान.”

“उद्या-परवा नस मरते,” ते म्हणाले. कोट घातलेलाच होता. स्टेशनाकडे चालत निघाले. मथुरेला मात्र अजून कळलं नव्हतं. “सायब कुठं चालले? मी कायतरी वाईट केलं का माय?” मी तिला खरं ते सांगितलं. हात जायला लागलाय. हे चांगलं नाही, वाईट आहे. ती म्हणाली, “पर सायबच म्हनले हुते.” मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं धरून सरळ केली आणि तशीच दाबून बसली. दिवसभर. जेवायला दिलं तेव्हाही सोडली नाहीत, मी भरवलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. गाडी मिळाली होती, पण परभणीत एकही दुकान उघडं नव्हतं. कोणा औषधवाल्याच्या घराच्या पायरीवर ते बसून राहिले. घरातले म्हणाले, दंगा होईल, दार उघडत नाही. ते म्हणाले, मग मीही उठत नाही. सकाळी त्या माणसाच्या म्हाताऱ्या आईनं मागच्या दारानं गोळ्या दिल्या. थंडीत पायरीवर बसून त्यांचा आवाज बसला होता. तरी आल्या आल्या त्यांनी मथुरेला गोळ्या दिल्या आणि एका फळीला कापूस गुंडाळून तिचा हात त्यावर बांधला.

बांधून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, “तुमच्या त्या शब्दानं हात गेला तिचा.”

कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं.

“सही बात आहे,” ते म्हणाले. भांडले नाहीत. मला ते भांडतील असं वाटलं होतं. माझी तयारीही होती.

त्या दिवसापासून त्यांनी शिनाख्त हा शब्द तोंडातून काढला नाही. आंधळा जागल्या गेला, मेणाचा गोळा गेला. कोणाचं डोकं हुंगलं नाही. रोज सकाळी सगळ्यांना रांगेनं बसवायचे आणि कोपरामागं बोट दाबत जायचे. “दुखतं? मूठ मीट. उघड. दुखतं? मीट. उघड.” बस. एवढंच. नवी आलेली माणसं त्यांना रागीट आणि मुका डॉक्टर म्हणायची. जुन्या बायांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एक म्हणाली, “सायब, त्यो आंदळा सांगा की.” ते म्हणाले, “मेला तो.”

मथुरेनं गोळ्या कित्येक महिने घेतल्या. तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, गोळ्यांमुळेच. रोज कोमट पाण्यात हात बुडवायची आणि बोटं चोळायची. मधलं बोट, अंगठा, तर्जनी वाचली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलंच राहिलं. भाकरी थापताना त्या दोन बोटांची नखं पिठात रुतायची आणि भाकरीला भोक पडायचं. रोज नवा गोळा, रोज भोक. ती भोकाची भाकरी मी बाप्यांच्या पंगतीत लपवून वाढायची.

पावसाळ्यात डॉक्टरांचा खोकला वाढला. त्यांनी स्वतःचा बेडका काचेवर घेतला, रंगवला आणि स्वतःच डोळा लावून बघितला. मी तिथं झाडत होते.

“लाल काड्या?” मी विचारलं.

“लाल काड्या,” ते म्हणाले. “भिंत पडली. म्हातारा झालो ना.” गोळ्या सुरू केल्या. पण अंगात काही उरलं नव्हतं. खोलीचं दार लावून घ्यायचे, आम्हांला आत येऊ द्यायचे नाहीत. जेवण मी उंबऱ्यावर ठेवायची.

दिवाळीनंतर खंडू आला. रुळाच्या पलीकडच्या रानात त्याची मेंढरं बसली होती. तो ओसरीच्या खालीच उभा राहिला, काठी धरून, खांद्यावर घोंगडी. डॉक्टर खोलीतून बाहेर आले, भिंतीला धरत, तोंडावर रुमाल बांधून.

“हिचा रोग गेला,” ते त्याला म्हणाले. “कुणाला लागणार नाही. तुझ्या पोरीला लागणार नाही. हाताला झालं ते रोगानं नाही, माझ्यामुळं झालं. तुझ्या आईला तसं सांग. डॉक्टरनं बिघडवला म्हणावं.”

खंडूला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं विचारलं, “भाकर येती का?”

मथुरा चुलीशी बसली. ज्वारीचं पीठ मळलं, थापायला घेतलं. मी तिला सांगितलं होतं, तळव्यानं थाप, बोटं लावूच नको. ती तसंच करत होती. भाकरी फिरवताना वळलेलं बोट लागलं आणि ती कडेला फाटली. तिनं ती तशीच भाजली, पालथ्या हातानं उतरवली आणि त्याच्यापुढं ठेवली.

खंडूनं ती सगळी खाल्ली. पाणी प्याला. तिच्याच हातचं प्याला, हे मी बघितलं.

“पोरगी लय बोलती आता,” तो तिला म्हणाला. “आईला इचारतो. पंचमीला... न्हाई, आदुगरच येतो.”

“आनशील का तिला? दावायला तरी?”

“आनतो की.”

घोंगडी तिच्याजवळ ठेवून तो गेला. मथुरा रुळापर्यंत त्याच्यामागं गेली आणि एकटी परत आली. आम्ही दोघी भांडी घासायला बसलो.

डॉक्टरांना हैदराबादहून मासिकं यायची, गठ्ठ्यानं, फार उशिरा. त्या थंडीत एक गठ्ठा आला. दुपारी त्यांनी दारातून मला हाक मारली. आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता, पण रुमालावरचे डोळे पूर्वीसारखे झाले होते.

“वालूरकरीण, ताट सापडलं. तेलाचं. परदेशात कुणीतरी शोधलं. क्षयाच्या जंतूचं मेण त्यात ठेवून दाखवतात आणि जागले ओळखतात. छापलंय.”

“म्हणजे तुमचं खरं निघालं.”

“ताटाचं खरं निघालं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मथुरेला सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही. सांगून तिचा काय फायदा होता? आणि त्यांचा तरी काय झाला? दार त्यांनी लावून घेतलं. ते पौषात गेले. मढं न्यायला कोणी आलं नाही, केंद्रातल्याच बाप्यांनी नेलं. ज्यांची बोटं धड होती त्यांनी खांदा दिला.

खंडू आला नाही. पंचमीला नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. पुढं कोणी म्हणालं त्यानं दुसरी केली, कोणी म्हणालं मेंढरं विकून तो साखर कारखान्यावर लागला. पोरगी एकदा आली, लग्न झाल्यावर, नवऱ्याला न सांगता. तासभर बसली. मथुरेला ती ओळखू आली नाही, नाव सांगावं लागलं.

केंद्र बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. मथुरा आणि मी अजून तिथंच, बायांच्या खोलीत राहतो. ती माझ्यापेक्षा लहान आहे, तरी तिला आता कमी दिसतं. नामांतराच्या त्या वर्षातून डॉक्टर वाचले नाहीत. आम्ही दोघी वाचलो.